एकाकीपण, सोबत आणि गाडीची वेळ : आंबिवलीच्या निमित्ताने

महानगर आणि एकाकीपण ही जोडी मराठी समीक्षेने इतक्या सहजपणे स्वीकारली आहे की तिच्याविषयी प्रश्न उपस्थित करण्याची गरजही आपल्याला वाटेनाशी झाली आहे. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) पासून आरंभ करायचा, गंगाधर गाडगीळांच्या नवकथेवरून पुढे यायचे, 'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकरापाशी थांबायचे आणि साठोत्तरी लघुअनियतकालिकांच्या पिढीत या जाणिवेचा परमोत्कर्ष दाखवायचा, अशी एक वंशावळ आपण पाठ्यक्रमांतून आणि प्रबंधांतून रूढ केली आहे. या वंशावळीत एकाकीपण ही मूलतः संवेदनेची अवस्था मानली जाते. ती युरोपीय आधुनिकतेकडून आली की येथील परिस्थितीतून उपजली, एवढ्यापुरताच वाद होतो. माणूस एकाकी कोठे असतो, किती वाजता असतो, कोणापासून तुटलेला असतो आणि त्या तुटलेपणावर त्याने स्वतः काय उपाय योजले, हे प्रश्न वाङ्मयबाह्य म्हणून बाजूला पडतात.

प्रस्तुत लेखाचा रोख या बाजूला पडलेल्या प्रश्नांकडे आहे. त्यासाठी आंबिवली हे मध्य रेल्वेवरील एक लहानसे स्थानक निवडले आहे. कल्याणला लोहमार्ग दुभंगतो. एक फाटा कर्जतकडे आणि दुसरा कसाऱ्याकडे जातो. या दुसऱ्या फाट्यावर शहाडनंतर आणि टिटवाळ्याच्या अलीकडे, मुंबईच्या मुख्य स्थानकापासून सुमारे साठ किलोमीटरवर हे स्थानक येते. (मुंबईच्या परिसरात याच नावाची आणखीही गावे आहेत. येथे अभिप्रेत आहे ती मोहने, अटाळी, वडवली या गावांच्या शेजारची आंबिवली.) 'महानगरीय साहित्य' या संज्ञेचा विचार करताना आपल्या मनश्चक्षूंपुढे गिरगाव, परळ, दादर, फार तर कामाठीपुरा येतो. महानगरात काम करणारी फार मोठी लोकसंख्या मात्र गेली कित्येक दशके कल्याणच्याही पलीकडे राहते. तिच्या एकाकीपणाचे स्वरूप निराळे असेल तर आपली संज्ञाही तपासून घ्यावी लागेल.

१

आधी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. औद्योगिक मुंबईतील मराठी माणसाचे पहिले एकाकीपण हे ताटातुटीचे होते. १९२१ च्या जनगणनेत मुंबई शहरात दर हजार पुरुषांमागे स्त्रियांचे प्रमाण सव्वापाचशेच्या आसपास होते. एका आकड्यातच रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतील असंख्य घरांची अवस्था सामावलेली आहे. पुरुष गिरणीत, बाई गावी, आणि दोघांच्या मध्ये टपालखाते. १८८० मध्ये सुरू झालेली मनिऑर्डर ही केवळ पैसे पाठवण्याची सोय नव्हती. फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी ठेवलेल्या चिंचोळ्या जागेत, बहुधा दुसऱ्याच्या हस्ताक्षरात, जे दोन शब्द लिहिले जात तेवढाच कित्येक दांपत्यांचा पत्रव्यवहार होता. टपालखात्याने २०१५ मध्ये ही जुनी पद्धत बंद केली, तेव्हा तिच्याविषयी हळहळ व्यक्त झाली. तो एक वाङ्मयप्रकारही होता, याची दखल मात्र घेतली गेल्याचे स्मरत नाही.

या एकाकीपणाला पत्ता होता, असे म्हणता येईल. आपण कोणापासून दूर आहोत हे त्या माणसाला नेमके ठाऊक होते. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीचे सामर्थ्य येथेच आहे. गावी राहिलेल्या बायकोचा विरह पुढे बेळगाव-कारवारच्या विरहात, संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीत विस्तार पावतो. खाजगी दुःखाचे असे सार्वजनिक दुःखात रूपांतर होऊ शकते, कारण मुळात ते दुःख संबंधाचे आहे. मर्ढेकरांच्या कवितेतील माणसाचे असे रूपांतर होत नाही, कारण तो कोणा एका व्यक्तीपासून तुटलेला नाही. संबंध जोडू शकणाऱ्या मूल्यव्यवस्थेपासूनच तो तुटलेला आहे. दोन्ही एकाकीपणे एकाच शहरातील आणि जवळपास एकाच कालखंडातील आहेत. आपण मात्र त्यांतील एकाला 'आधुनिक' म्हटले आणि दुसऱ्याला 'लोकवाङ्मयाच्या' कप्प्यात ठेवले.

ताटातुटीच्या एकाकीपणाने आपल्या संस्थाही उभ्या केल्या. एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली खोली आणि तीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, गावकीची मंडळे, घरगुती खानावळी या त्या संस्था होत. खानावळ चालवणाऱ्या बाईला आपल्या साहित्यात क्वचितच नायिकापद मिळाले. महिन्याच्या बोलीवर ती पंधरा-वीस पुरुषांना जेवू घालत होती. कोणाचा पगार थकला आहे, कोणाला ताप आहे, कोण गावाहून पत्र न आल्याने जेवत नाही, हे तिला माहीत असे. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा या श्रमाला प्रथमच संघटित रूप आले. या संस्थांना गावाची आणि जातीची कुंपणे होती, हे विसरून त्यांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ज्याला गावकीतच जागा नव्हती त्याला गावकीच्या खोलीत जागा कोठून मिळणार? दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) मधील कावाखाना हे याचे उत्तर आहे. तेथे दाटी आहे, आप्तांचा गोतावळा आहे. पण ती वस्ती निवडलेली नाही, वाट्याला आलेली आहे.

२

कल्याणच्या पुढे वासिंदपर्यंत रूळ पडले ते १८५५ मध्ये. तरीही पुढील जवळजवळ शतकभर हा भाग महानगराच्या कक्षेत आला नव्हता. आगरी-कोळ्यांची गावे, भातशेती, डोंगरकडेला आदिवासी पाडे असा हा प्रदेश. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात उल्हास नदीच्या काठी मोहने येथे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन या कारखान्याची उभारणी झाली आणि हे चित्र पालटले. लोकांच्या तोंडी हा कारखाना नुसता 'एन.आर.सी.' होता. त्याच सुमारास जवळच्या लष्करी छावणीत फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. शहाडला सेंच्युरी रेयॉन आले. काही मैलांच्या टापूत उखडलेल्या, बोलावलेल्या आणि मुळातच तेथे असलेल्या अशा तीन प्रकारच्या माणसांची वस्ती झाली.

कारखान्याच्या वसाहतीतील सामाजिक संबंध हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवतो की वसाहत ही चाळीसारखी हळूहळू रुजत नाही, ती आखून दिलेली असते. महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आणि परप्रांतांतून आलेल्या माणसाला येथे शेजारी मिळवावा लागत नसे. तो हुद्द्यानुसार नेमून दिलेला असे. एकच भोंगा, त्याच पाळ्या, मुलांची तीच शाळा, तेच मैदान आणि बोनसचा तोच दिवस. एकाकीपणावरचा हा उपाय मालकाच्या जमिनीवर उभा होता, ही त्यातली मेख. २००९ मध्ये कारखान्याला टाळे लागले. कामगारांच्या थकीत देण्यांचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे रेंगाळला, जमिनीचे हस्तांतर झाले, वसाहतीतील इमारती पाडल्या जाऊ लागल्या. नोकरी जाणे आणि शेजार जाणे या दोन घटना एरवी स्वतंत्र असतात, येथे त्या एकाच आदेशाने घडल्या. मुंबईतील गिरण्यांच्या अंताला जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) सारखे नाटक लाभले. कल्याणपलीकडच्या कारखान्यांच्या अंताला त्या तोडीची कृती लाभली असे म्हणवत नाही. याचे कारण लेखकांची उदासीनता हे नसावे. आपण ज्याला 'महानगराचा अंत' म्हणून ओळखतो त्याचे नेपथ्य अजून परळलाच मांडलेले असते.

दरम्यान आंबिवलीत दुसराच ओघ सुरू झाला होता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर आणि पुढे जागांचे भाव वाढत गेल्यानंतर मुंबईतील खोल्या सोडून माणसे ठाण्याला, डोंबिवलीला, कल्याणला आणि तेथेही परवडेना तेव्हा शहाड, आंबिवली, टिटवाळ्याला आली. चाळीतला सामाईक व्हरांडा गेला आणि बंद दाराचा ब्लॉक आला. पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मध्ये चाळ जाणार या चाहुलीचे चिंतन शेवटी येते. त्या चाळीतली पुढची पिढी गेली कोठे, याचे भौगोलिक उत्तर बऱ्याच अंशी या लोहमार्गावर सापडते. डोंबिवलीकर मध्यमवर्गाला शं. ना. नवरे यांच्यासारखा स्वतःचा कथाकार तरी मिळाला. कल्याणला १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय आहे, ठाण्याला १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, डोंबिवलीत २०१७ मध्ये अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. या मोठ्या स्थानकांवर संस्था आहेत. आंबिवलीला काय आहे, असे विचारले तर उत्तर काहीसे अनपेक्षित मिळते. आंबिवलीला गाडीची वेळ आहे.

३

गेओर्ग झिमेल या जर्मन समाजचिंतकाचा महानगर आणि मनोजीवन यांवरील १९०३ मधील निबंध आपल्या अभ्यासकांना परिचित आहे. महानगरातील माणूस संवेदनांच्या माऱ्यापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी अलिप्त होतो, हे त्याचे प्रतिपादन वारंवार उद्धृत होते. त्याच निबंधातील घड्याळाविषयीच्या विवेचनाकडे मात्र कमी लक्ष जाते. बर्लिनमधील सगळी घड्याळे जराशी जरी मागेपुढे झाली तरी शहराचा व्यवहार कोलमडेल, असे तो म्हणतो. वक्तशीरपणा, हिशेबीपणा आणि व्यक्तिनिरपेक्षता ही त्याच्या लेखी एकाच प्रवृत्तीची अंगे आहेत. घड्याळ माणसामाणसांतील संबंध कोरडे करते, असा त्याचा रोख आहे.

आंबिवलीच्या फलाटावर हे प्रतिपादन उलटे होते. दादर किंवा कुर्ल्याला गाडी चुकली तर दुसरी काही मिनिटांत येते. तेथे रोज एकच गाडी धरण्याचे कारण नसते आणि म्हणून रोज तेच चेहरेही दिसत नाहीत. कल्याणला संपणाऱ्या गाड्या आंबिवलीपर्यंत पोहोचतच नाहीत. टिटवाळा, आसनगाव, कसारा येथे जाणाऱ्या मोजक्या गाड्याच तेथे थांबतात. एक चुकली की कचेरीचा लेटमार्क ठरलेला. परिणामी माणूस एका विशिष्ट गाडीला, तिच्या विशिष्ट डब्याला आणि त्यातील विशिष्ट दाराला बांधला जातो. वर्षानुवर्षे तीच माणसे, तोच कोपरा. लांब पल्ल्याच्या गाडीला वाट देण्यासाठी लोकल मध्येच थांबवून ठेवली तर बोलण्याला आणखी वेळ. गाडी जितकी विरळ तितकी ओळख दाट, असा हा सरळ हिशेब आहे. घड्याळाने येथे माणसांना अलिप्त न करता एकत्र आणून ठेवले. झिमेलच्या बर्लिनमध्ये वेळ नेमून भेटावे लागे. येथे वेळ रेल्वेने नेमलेली असते आणि भेट तिच्या पदरात आपोआप पडते.

या संबंधाला काय म्हणावे? मैत्री म्हणावी तर एकमेकांच्या घरी जाणे-येणे नाही. शेजार म्हणावा तर भिंत सामाईक नाही. नाते तर नाहीच. मराठीत त्यासाठी एक नेमका शब्द आहे: सोबत. अरबी 'सुह्बत' पासून फारसीच्या वाटेने हा शब्द आपल्याकडे आला आणि इतका मुरला की त्याचे परकेपण कोणाला जाणवत नाही. सोबत ही वाटेची असते. वाट संपली की ती संपते आणि दुसऱ्या दिवशी वाटेवर पुन्हा सुरू होते. एकांत, एकटेपण, एकाकीपण या तीन अवस्थांतील भेद आपण समीक्षेत बारकाईने केले. एकांत संतांनी मागून घेतला, एकटेपण परिस्थितीने दिले, एकाकीपण आधुनिकांनी शोधले, असेही कोणी म्हणेल. या तिन्हींच्या विरुद्ध टोकाला जे असते त्यासाठी मात्र आपण 'समूह' हा एकच भोंगळ शब्द वापरत राहिलो. सोबत म्हणजे समूह नव्हे. तिच्यात माणसे मोजकी असतात आणि प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

जागा हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. तीन माणसांसाठी केलेल्या बाकावर चौथ्याने टेकायचे, हा 'चौथी सीट' म्हणून ओळखला जाणारा प्रघात रेल्वेच्या कोणत्याही नियमात नाही. चौथ्याला हक्क नाही आणि बसलेल्या तिघांना सहसा नाही म्हणता येत नाही. दसऱ्याच्या सुमारास डब्याला तोरणे लागतात, निवृत्त होणाऱ्याला डब्यातच निरोप दिला जातो. बायकांच्या डब्यात हळदीकुंकू होते आणि परतीच्या गाडीत रात्रीची भाजी निवडून, चिरून होते. हा शेवटचा तपशील कौतुकाने सांगितला जातो, पण त्यात कौतुकापेक्षा अधिक काही आहे. नोकरी आणि स्वयंपाक यांच्या मध्ये या बाईला स्वतःचा म्हणता येईल असा वेळ गाडीतच मिळतो आणि त्यातही ती घरचे काम करते. फरक एवढाच की ते ती एकटी करत नाही.

वाङ्मयाच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय आहे ते गाडीतले भजन. टाळ घेऊन चढणारी मंडळी, डब्याचा ठराविक कोपरा, एकाने चरण म्हणायचा आणि इतरांनी ध्रुवपद उचलायचे. तुकोबांच्या अभंगांतील कित्येक उद्गार पराकोटीच्या एकाकी अवस्थेतले आहेत. लोकांनी आणि प्रसंगी देवानेही टाकलेल्या माणसाचे ते शब्द आहेत. तो एकवचनी प्रथमपुरुष येथे वीस तोंडांतून एकदम उच्चारला जातो. एकाकीपण नाहीसे होत नाही, ते वाटून घेतले जाते. मर्ढेकरांनी आपल्या कवितेसाठी अभंगाची आणि ओवीची घडण स्वीकारली, याची चर्चा आपण उपरोध, विडंबन, परंपरेशी नाते अशा अंगांनी पुष्कळ केली. पण त्यांचा अभंग मुद्रित पानावर एका वाचकाने एकट्याने वाचायचा अभंग आहे, त्याला ध्रुवपद उचलणारे साथीदार नाहीत, ही गोष्ट आपण जवळजवळ गृहीतच धरली. यंत्रयुगीन मुंबईत एकच छंद दोन प्रकारे जगला. छापील पानावर त्याने एकाकीपण व्यक्त केले आणि लोकलच्या डब्यात, बहुधा तितक्याच थकलेल्या माणसांच्या तोंडी, ते सुसह्य केले. दुसऱ्या जीवनाचा आपल्या छंदोविचारात समावेश नसणे ही उणीव आहे, असे मला वाटते.

हे सारे सांगताना भाबडेपणाचा धोका आहे, याची जाणीव ठेवली पाहिजे. डब्यातील गट हे नवख्या प्रवाशाला अडवणारे कडेही असते. त्यातून रोजची भांडणे होतात आणि भजनाच्या आवाजाविषयी तक्रारीही होतात. ज्याला आंबिवलीला घर घेऊन सहाच महिने झाले आहेत त्याला इतरांची सोबत हा स्वतःच्या एकटेपणाचा पुरावाच वाटत असणार. त्याहून खोल प्रश्न बाबूराव बागुलांनी १९६३ मध्येच विचारून ठेवला आहे. 'जेव्हा मी जात चोरली होती' या कथेचा नायक रेल्वेतल्या नोकरीसाठी परगावी, उधन्याला, जातो. तेथे त्याला आपुलकी मिळते, मानही मिळतो, पण तो कोण हे ठाऊक नसेपर्यंतच. जात उघड होताच मारहाण होते. सोबतीची अट न विचारणे ही असते. विचारले गेले तर ती टिकेलच असे नाही. डब्यातील माणसे एकमेकांना वर्षानुवर्षे 'पाटील', 'मास्तर', 'बँकवाले' किंवा नुसते 'काका' म्हणून ओळखतात, यात सौजन्य आहे आणि सावधपणाही आहे. एखाद्यासाठी ही अर्धी ओळख मोकळीक असते, आणि तीच दुसऱ्यासाठी रोजची धास्ती असू शकते. दलित आत्मकथनांनी महानगरातील एकाकीपणाची जी मांडणी केली तिचे वेगळेपण येथे आहे. गर्दीत कोणी ओळखत नाही याचे दुःख तिच्यात दुय्यम असते आणि ओळखले जाण्याचे भय मुख्य असते.

गावचे जे मूळ रहिवासी त्यांचे काय, हाही प्रश्न उरतो. धवलारणीच्या धवल्यांनी लग्न लावणाऱ्या आगरी गावांभोवती इमारती उठल्या. ही माणसे कोठेही न जाता अल्पसंख्य झाली. स्थलांतर न करता वाट्याला आलेल्या या परकेपणाला आपल्या परिभाषेत अद्याप नाव नाही. एवढा निर्देश करून हा मुद्दा येथे सोडतो, कारण तो गाडीच्या वेळेने उलगडणारा नाही.

४

'महानगरीय कादंबरी' म्हणून आपण जिची चर्चा करतो ती बहुतेक एका जाणिवेच्या केंद्राभोवती रचलेली असते. भाऊ पाध्यांनी 'वासूनाका' (१९६५) मध्ये नाक्यावरच्या टोळक्याला विषय केले, तेव्हा समूहातील बोलण्याला रूप देण्याची एक वाट दिसली होती. त्या कृतीवरील वाद अश्लीलतेभोवती फिरत राहिला आणि निवेदनरूपाचा मुद्दा मागे पडला. नाका हे सोबतीचे स्थळ आहे, डबाही आहे. तेथे कथानक घडत नाही, पुनरावृत्ती घडते. तीच गाडी, तीच थट्टा, तोच कोपरा. बदल घडतो तो एखाद्या न येण्याने. अशा अनुभवाला नायक, संघर्ष, परिणती ही चौकट फारशी उपयोगाची नाही. ध्रुवपदाची रचना कदाचित अधिक जवळची ठरेल.

या सोबतीची एक कठोर परीक्षा इतिहासाने अलीकडेच घेतली. मार्च २०२० च्या उत्तरार्धात करोनाच्या साथीमुळे मुंबईची लोकल बंद झाली. जूनमध्ये ती केवळ अत्यावश्यक सेवांसाठी सुरू झाली, फेब्रुवारी २०२१ मध्ये मर्यादित वेळांपुरती सर्वांसाठी खुली झाली, पुन्हा निर्बंध आले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना प्रवेश मिळाला. वेळ हीच ज्या संबंधाची जमीन होती तो संबंध सतरा-अठरा महिने जमिनीवाचून राहिला. भ्रमणध्वनीवरील गट होते, त्यांना बहुधा गाडीच्या वेळेचेच नाव होते. तेथे सकाळचे नमस्कार येत राहिले, आणि मधूनमधून मृत्यूच्या वार्ता. पंधरा वर्षे शेजारी बसलेल्या माणसाचे घर नेमके कोणत्या गल्लीत, हे अनेकांना अशा वार्तेनंतर प्रथमच विचारावे लागले.

गाड्या पूर्ववत झाल्या तेव्हा सगळे परतले नाहीत. कोणाची कचेरी घरी आली होती, कोणाची वेळ बदलली होती, कोणी निवृत्त झाले होते. आंबिवलीच्या फलाटावर सकाळी थोडा वेळ उभे राहिले तर आजही एखादे वयस्क गृहस्थ दिसतात. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी नाही. गाडी येते, दारातून दोन-चार हात हलतात, हेही हात हलवतात. गाडी सुटल्यावर ते जिन्याकडे वळतात.